गिटारची पेडल्स अ‍ॅम्पला जोडताना: पुढच्या इनपुटमध्ये की मागच्या लूपमध्ये?

पाचवा_फ्रेट (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. कर्वेनगरात आमचा छोटा बँड आहे. महाविद्यालयीन स्पर्धा, सोसायटीचे कार्यक्रम आणि गणेशोत्सवातला एखादा मंच एवढाच आमचा आवाका आहे. माझ्याकडे ट्रान्झिस्टरवर चालणारा ४० वॅटचा अ‍ॅम्प आहे. त्याला क्लीन आणि गेन असे दोन चॅनेल आहेत आणि मागच्या बाजूला सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक आहेत, ज्यांना मी अजून हात लावलेला नाही. पेडल्स, म्हणजे पायाने चालू-बंद करायच्या इफेक्टच्या डब्या, चार आहेत: ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह (आवाज थोडा फाडणारे), कोरस (आवाज दाट करणारे) आणि डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारे). ती याच क्रमाने एकमेकांना जोडलेली असून शेवटच्या डिलेची केबल अ‍ॅम्पच्या पुढच्या इनपुटमध्ये जाते. चौघांनाही वीज मिळते ती एकाच अ‍ॅडॅप्टरला फुटलेल्या चार फाट्यांच्या वायरमधून.

क्लीन चॅनेलवर सगळे व्यवस्थित वाजते. मात्र गेन चॅनेल लावून डिले सुरू केला की स्वर वेगवेगळे ऐकूच येत नाहीत, सगळा गोंगाट होतो. शिवाय डिले साखळीत असला की वाजवत नसतानाही एक बारीक, उंच पट्टीची शिट्टी ऐकू येते आणि तिच्याखाली हमचा घरघराट असतोच. दोन्ही दुखणी एकाच कारणाने आहेत की वेगवेगळ्या, हे समजत नाही. दुसरे असे की स्पर्धेच्या ठिकाणी कोणता अ‍ॅम्प वाट्याला येईल हे आधी कळत नाही आणि मांडणीला वेळही फार थोडा मिळतो. तेव्हा घरी आणि बाहेर दोन्हीकडे चालेल अशी जोडणी कोणती, यावर आपले अनुभव आणि कारणमीमांसा दोन्ही वाचायला आवडतील.

मंद्रसप्तक

तुमच्या पहिल्या तक्रारीचे मूळ पेडल्समध्ये नसून ती जिथे लावली आहेत त्या जागेत आहे. अ‍ॅम्प म्हणून आपण जे एक खोके पाहतो, त्यात दोन यंत्रे बसवलेली असतात. पहिले प्रीअ‍ॅम्प: गिटारकडून आलेला अगदी क्षीण संकेत ते वाढवते, गेन चॅनेलवर तो मुद्दाम फाडते आणि बास-ट्रेबलच्या बटणांनी त्याला आकार देते. दुसरे पॉवर अ‍ॅम्प: हा तयार झालेला संकेत स्पीकर हलवण्याइतका बलवान करण्याचे काम त्याचे. सेंडचा जॅक पहिल्या यंत्रातून बाहेर पडणारी वाट आहे आणि रिटर्नचा जॅक दुसऱ्यात शिरणारी. या दोहोंच्या मधल्या वाटेला लूप म्हणतात. तिथे लावलेले पेडल अ‍ॅम्पच्या गेननंतर येते, तर पुढच्या इनपुटआधी लावलेले पेडल गेनच्या अगोदर येते. तुमच्या सगळ्या प्रश्नाचे मर्म एवढेच आहे.

आता डिले गेनच्या आधी आला की नेमके काय होते ते पाहा. डिले तुमचा स्वर साठवून ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा सोडतो आणि प्रत्येक आवृत्ती आधीच्या आवृत्तीपेक्षा हळू आवाजात असते. हळू होत जाणे हाच त्याचा गुण. परंतु फाडलेला आवाज म्हणजे मर्यादेबाहेर गेलेली लाट माथ्यावर कापणे. जोराचा स्वर आणि हळू स्वर दोन्ही कापले गेल्यावर बाहेर पडताना जवळजवळ सारख्याच उंचीचे होतात. त्यामुळे विरत जायला हव्या असलेल्या आवृत्त्या विरतच नाहीत. दुसरे, नव्या स्वराची लाट आणि आधीच्या स्वराची आवृत्ती एकत्र मिसळून त्या कापणीतून जातात, तेव्हा दोघांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून असे काही तिसरेच स्वर निर्माण होतात, की ज्यांचा तुम्ही वाजवत असलेल्या रागाशी वा कॉर्डशी संबंध नसतो. तुम्ही ज्याला गोंगाट म्हणता तो हा. हाच डिले लूपमध्ये ठेवला, तर आधी एकेक स्वर फाटतो आणि मग त्या फाटलेल्या स्वराच्या स्वच्छ आवृत्त्या होतात.

म्हणून माझी शिफारस अशी: गिटारमधून ट्यूनर, त्यातून ओव्हरड्राइव्ह आणि तिथून अ‍ॅम्पचे पुढचे इनपुट, मग सेंडमधून कोरस, त्यातून डिले आणि तिथून रिटर्न. सेंडची केबल पेडलच्या इनपुटला लागते आणि शेवटच्या पेडलचे आउटपुट रिटर्नला, हे सांगायला सोपे वाटते. पण अ‍ॅम्पच्या मागे वाकून अंधारात जोडताना उलट लागण्याचा संभव पुष्कळ असतो. बहुतेक पेडल्सवर वादकाच्या बाजूने पाहता इनपुट उजवीकडे आणि आउटपुट डावीकडे असते, एवढे लक्षात ठेवावे.

ओव्हरड्राइव्ह पुढे ठेवण्यामागेही कारण आहे. त्याचा ड्राइव्ह कमी आणि लेव्हल जास्त ठेवून गेन चॅनेलला धक्का दिला, तर अ‍ॅम्पचा स्वतःचा फाटलेला आवाज अधिक घट्ट होतो. ट्यूब स्क्रीमर या ओव्हरड्राइव्हच्या जातीची पेडल्स सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी फाडतात, त्यामुळे जाड तारांचा चिखल होत नाही. हेच पेडल लूपमध्ये टाकले तर त्याला ढकलायला प्रीअ‍ॅम्पच उरत नाही.

डागकाम

शिट्टी आणि हम यांची कारणे निरनिराळी आहेत, म्हणून उपायही निरनिराळे. मी आधी शिट्टीचे सांगतो.

डिजिटल डिलेच्या आत घड्याळाच्या ठोक्यांवर चालणारी प्रक्रिया असते आणि त्या ठोक्यांचा कचरा वीजपुरवठ्याच्या वायरीत उतरतो. एकाच वायरीचे चार फाटे केल्यावर तो कचरा ओव्हरड्राइव्हलाही पोचतो, आणि ओव्हरड्राइव्हचा धंदाच बारीक आवाज मोठा करण्याचा असल्याने तो तुम्हाला शिट्टी म्हणून ऐकू येतो. हे तपासायला पैसे लागत नाहीत. ओव्हरड्राइव्हमध्ये ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी घाला, त्याचा फाटा काढून टाका आणि बाकी जोडणी जशीच्या तशी ठेवा. शिट्टी थांबली तर दोष सामायिक पुरवठ्याचा आहे, आणि त्यावर कायमचा इलाज म्हणजे प्रत्येक तोंड आतून विलग असलेला पॉवर सप्लाय. बाजारात ज्याच्या खोक्यावर नुसतीच आठ तोंडे दाखवलेली असतात तो विलग असतोच असे नाही. अनेकदा ते आतून एकच वायर आठ ठिकाणी वाटलेले असते. मल्टिमीटर असेल तर सप्लाय बंद करून कोणत्याही दोन तोंडांच्या बाहेरच्या नळ्यांमध्ये सातत्य तपासावे. पिंपकन आवाज आला तर तो विलग नाही, विक्रेता काहीही म्हणो.

अ‍ॅडॅप्टर विकत घेताना तीन गोष्टी जुळवाव्यात. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, साधारणतः ९. मिलीअँपिअर मात्र पेडलच्या गरजेएवढे किंवा जास्त चालतात, कारण पेडल हवे तेवढेच ओढते. साध्या अ‍ॅनालॉग ओव्हरड्राइव्हला १० मिलीअँपिअरच्या आसपास पुरतात, तर डिजिटल डिले शंभर ते तीनशेपर्यंतही मागू शकतो. तिसरी गोष्ट ध्रुवाची. गिटारच्या बहुतेक पेडल्सना मधली पिन ऋण लागते आणि घरात पडलेल्या राउटरच्या अ‍ॅडॅप्टरची मधली पिन बहुधा धन असते. तोंड बरोबर बसते म्हणून तो लावू नये. अ‍ॅडॅप्टरवर आणि पेडलवर छापलेले वर्तुळाचे चित्र ताडून पाहावे.

आता हम. पुढचे काही करण्याआधी सर्व पेडल्स बाजूला काढा आणि गिटारची केबल थेट अ‍ॅम्पला लावा. हम तितकाच असेल तर पेडल्सना दोष देण्यात अर्थ नाही; सिंगल कॉइल पिकअप (तारांची कंपने टिपणारी एकेरी गुंडाळी) असलेली गिटार अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरजवळ किंवा डिमरच्या दिव्याखाली धरली की ती घरघरणारच, आणि तिचे तोंड फिरवले की कमी-जास्त होणारच. थेट जोडल्यावर शांत असेल तर एकेक पेडल परत लावत जा आणि कोणत्या पायरीवर हम परततो ते पाहा. हा मार्ग कंटाळवाणा असला तरी तर्कबाजीत वेळ घालवण्यापेक्षा लवकर उत्तराला पोचवतो.

तारेवरची_कसरत

मंद्रसप्तक यांनी सांगितलेले शास्त्र बिनचूक आहे, परंतु धागाकर्त्यांच्या गरजेला त्यांची मांडणी लागू पडत नाही असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्याच्या अ‍ॅम्पवर वाजवावे लागते, मांडणीला वेळ नसतो आणि तो अ‍ॅम्प कोणता हे माहीत नसते, ही अट धागाकर्त्यांनी स्वतःच घातली आहे. छोट्या सरावाच्या अ‍ॅम्पना अनेकदा लूप नसतोच. फेंडरच्या ब्लूज ज्युनिअरसारख्या नावाजलेल्या व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) अ‍ॅम्पलाही तो नाही. जी जोडणी अर्ध्या ठिकाणी करताच येत नाही, तिच्यावर हात बसवून काय उपयोग?

आणि लूप नव्हता तेव्हा लोक काय करत होते? एकोप्लेक्स १९५९ च्या सुमारास बाजारात आला आणि रोलंडचा आरई-२०१ स्पेस एको १९७४ मध्ये. ही टेपवर चालणारी एको यंत्रे गिटार आणि अ‍ॅम्प यांच्या मध्येच लावली जात. गिटारवादक डेव्हिड गिल्मर यांनी पिंक फ्लॉइड या बँडच्या सत्तरच्या दशकातल्या काळात बिन्सन एकोरेक वापरला. त्यात टेपऐवजी फिरणारी चुंबकीय तबकडी असते. त्यांचे हायवॉट अ‍ॅम्प पुष्कळ मोठ्या आवाजातही स्वच्छ राहणारे होते आणि फाडण्याचे काम त्याआधीचे फझ (खरखरीत फाडणारे) पेडल करत असे. म्हणजे फझ आधी, एको नंतर आणि अ‍ॅम्प स्वच्छ. क्रम तोच राहिला, आणि त्यासाठी अ‍ॅम्पच्या मागे जावे लागले नाही.

तेव्हा पाचवा_फ्रेट, तुम्ही गेन चॅनेलचा मोह सोडा. क्लीन चॅनेल कायमचा धरा, फाटलेल्या आवाजाची जबाबदारी पेडलवर टाका, आणि जरूर वाटली तर थोडा जास्त फाडणारे एक डिस्टॉर्शन पेडल ओव्हरड्राइव्हनंतर घ्या. पुण्यातल्या कोणत्याही सभागृहात जा; इनपुटमध्ये एक केबल खुपसली की काम झाले. अ‍ॅम्प बदलला तरी तुमचा आवाज पुष्कळसा तुमचाच राहील.

मंद्रसप्तक

लूप नसलेल्या ठिकाणी क्लीन चॅनेलच धरावा, याबद्दल दुमत नाही. पण पेडलचे डिस्टॉर्शन आणि अ‍ॅम्पचे गेन चॅनेल यांत फरक नाही असे कोणी समजू नये. ज्याला आपल्या अ‍ॅम्पचा फाटलेला आवाज आवडतो, त्याने केवळ सोयीसाठी तो घरीसुद्धा वापरू नये हे मला पटत नाही. शिवाय सगळेच क्लीन चॅनेल हायवॉटसारखे नसतात. स्वस्त अ‍ॅम्पच्या क्लीन चॅनेलवर डिस्टॉर्शन पेडल कधी कधी माशीच्या गुणगुणण्यासारखे कर्कश वाजते. तसे झाले तर अ‍ॅम्पचा ट्रेबल कमी करून मिड वाढवावा आणि पेडलचा टोन अर्ध्याच्या खाली ठेवावा.

कोरसबद्दल मात्र मी माझ्याच शिफारशीला एक पुस्ती जोडतो. तो लूपमध्येच असला पाहिजे असे नाही. रोलंडच्या जेसी-१२० या १९७५ च्या अ‍ॅम्पमधला कोरस पुढच्या वर्षी बॉसच्या सीई-१ या नावाने स्वतंत्र पेडलच्या रूपात आला. लोक तो पुढेही लावतात, मागेही लावतात. गेनच्या आधी लावला तर भोवऱ्यासारखा दाट वाटतो, नंतर लावला तर रुंद आणि काचेसारखा. कानाला रुचेल तिथे ठेवा.

निवांत_बेस

मूळ प्रश्नात नसलेला, पण लगतचा मुद्दा विचारतो. माझ्याकडे सहा मीटरची गिटारची केबल, मग पेडल्स आणि पुन्हा सहा मीटरची केबल अशी मांडणी आहे. सर्व पेडल्स ट्रू बायपास आहेत, म्हणजे बंद असताना संकेत त्यांच्यातून सरळ पार जातो. तरीही थेट अ‍ॅम्पला लावलेल्या गिटारपेक्षा आवाज दबलेला, कांबळ्याखालून आल्यासारखा वाटतो. ट्रू बायपास घेतले की आवाज जसाच्या तसा राहतो असे दुकानात सांगितले होते.

डागकाम

ट्रू बायपासमुळेच तसे होते. साध्या पिकअपचा अवरोध मोठा असतो आणि केबल दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धारकता घेऊन बसलेली असते. सगळी पेडल्स बंद असली की गिटारला तुमच्या दोन्ही केबली आणि मधल्या छोट्या तारा अशा तेरा-चौदा मीटरचे ओझे एकटीला ओढावे लागते, आणि त्यात उंच कंपनांचा बळी जातो. साखळीच्या सुरुवातीस एक बफर, म्हणजे क्षीण संकेताला पुढे जाण्याचे बळ देणारे छोटे मंडल, ठेवला की गिटारला फक्त पहिल्या सहा मीटरचे ओझे राहते. त्यापुढचे काम बफर करतो आणि त्याच्या कमी अवरोधाच्या आउटपुटला एवढ्या लांबीची फिकीर नसते. वेगळे पेडल घ्यायलाच हवे असे नाही. बॉसच्या छोट्या पेडल्समध्ये बंद स्थितीतही बफर चालू असतो, त्यामुळे त्यांचा ट्यूनर पहिला ठेवला तरी प्रश्न सुटतो.

अपवाद एकच: जुन्या धाटणीचे फझ. १९६६ च्या फझ फेसच्या घराण्यातली पेडल्स थेट पिकअपला जोडली जातील अशाच अंदाजाने वागतात. त्यांच्याआधी बफर आला तर आवाज चिरका होतो आणि गिटारचे व्हॉल्यूम कमी करून आवाज स्वच्छ करण्याची त्यांची खासियत जाते. तसले फझ असेल तर ते सर्वांत आधी, ट्यूनर त्यानंतर.

पाचवा_फ्रेट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डागकाम यांनी सांगितल्याप्रमाणे ओव्हरड्राइव्हला बॅटरी लावून पाहिली आणि शिट्टी पूर्ण थांबली. डिले लूपमध्ये टाकल्यावर गेन चॅनेलवर प्रत्येक आवृत्ती वेगळी ऐकू येते, आणि आमच्या एका गाण्यातला मधला भाग प्रथमच आम्हाला हवा तसा वाजला.

मात्र आमच्या सरावाच्या खोलीत, जी एका जुन्या वाड्यात आहे, दुसरीच गोष्ट लक्षात आली. हम तिथे घरापेक्षा बराच जास्त आहे, आणि गिटार हातात असताना गाणाऱ्या मित्राचा ओठ माइकला लागला की त्याला किंचित मुंग्या येतात. मित्र म्हणतो की अ‍ॅम्पच्या प्लगची तिसरी पिन काढली की हम जातो, असे त्याने कुठेतरी ऐकले आहे.

डागकाम

ती पिन काढू नका. हे वाक्य मी या धाग्यात सर्वांत ठळक असावे अशा इच्छेने लिहितो आहे.

तारांना हात लावला की हम कमी होतो, हे नेहमीचेच आहे. आपले शरीर खोलीतली ५० हर्ट्झची विजेची चाहूल अँटेनासारखी पकडते. तारा ब्रिजमार्फत अ‍ॅम्पच्या सांगाड्याला आणि सांगाडा अर्थिंगला जोडलेला असल्याने हात लावताच ती चाहूल जमिनीत जाते. पण ओठाला मुंग्या येणे नेहमीचे नाही. त्याचा अर्थ असा की गिटारच्या तारा एका विद्युतपातळीवर आहेत आणि माइकची जाळी दुसऱ्या, आणि तुमचा मित्र त्या दोहोंमधला पूल झाला आहे. अ‍ॅम्प किंवा मिक्सर यांपैकी कोणाचे तरी अर्थिंग पोचत नसल्याचे हे लक्षण आहे.

पेठांतल्या जुन्या इमारतींत भिंतीवरचा सॉकेट तीन भोकांचा दिसतो, परंतु वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नसते असे पुष्कळदा आढळते. वायरमनला बोलावून मोजायला सांगा: फेज आणि न्यूट्रलमध्ये सुमारे २३० व्होल्ट, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तितकेच, आणि न्यूट्रल ते अर्थ जेमतेम काही व्होल्ट. फेज आणि अर्थमधला आकडा मध्येच कुठेतरी लटकत असेल, तर अर्थ नावालाच आहे. एक्स्टेन्शन बोर्डही तपासावा. दोन पिनांचा प्लग बसवलेला तीन सॉकेटांचा बोर्ड हा आपल्याकडे सर्रास आढळणारा आणि मंचावर सर्वांत घातक प्रकार आहे. अर्थिंग ठीक झाल्याची खात्री पटल्यावर अ‍ॅम्प, पेडल्सचा सप्लाय आणि मिक्सर हे एकाच ठिकाणच्या सॉकेटांवर घ्यावेत, आणि शक्य असेल तर ३० मिलीअँपिअरला तुटणारा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) त्या लाइनवर बसवून घ्यावा. तोवर त्या खोलीत माइक आणि गिटार एकत्र वापरू नका.

तिसरी पिन काढल्याने हम का जातो, याचेही उत्तर देऊन ठेवतो, कारण हे औषध लागू पडते म्हणूनच लोक ते घेतात. दोन उपकरणे केबलच्या शिल्डने एकमेकांना जोडलेली आणि शिवाय दोघेही आपापल्या सॉकेटमधून अर्थला जोडलेली, असे झाले की एक वेटोळे तयार होते आणि त्यातून फिरणारा प्रवाह हम म्हणून ऐकू येतो. पिन काढली की वेटोळे तुटते. पण त्याच बरोबर अ‍ॅम्पमध्ये आतली फेज सांगाड्याला टेकली, तर फ्यूज उडायच्या ऐवजी २३० व्होल्ट तुमच्या तारांवर येतात. वेटोळे तोडायचे असेल तर ते संकेताच्या केबलमध्ये तोडावे. त्यासाठी विलगीकरणाचा ट्रान्सफॉर्मर असलेली डबी मिळते, आणि डीआय बॉक्सवर (गिटारचा संकेत मिक्सरला देणाऱ्या डबीवर) ग्राउंड लिफ्ट नावाचे बटणही असते. गणेशोत्सवातल्या मंचावर जनरेटर असेल तर त्याच्या माणसाला अर्थची सळई कुठे ठोकली आहे ते दाखवायला सांगा. तो हसेल, पण विचारा.

तारेवरची_कसरत

डागकाम यांच्या या प्रतिसादास संपूर्ण अनुमोदन. आवाजाच्या चर्चेत मतभेद शोभतात, यात नाहीत.

एक पुरवणी: पेडल कोणतेही असो, ते अ‍ॅम्पच्या स्पीकर आउटला कधीही लावू नये. तिथून येणारी शक्ती पेडल जाळायला पुरेशी असते. त्याचप्रमाणे अ‍ॅम्पपासून स्पीकरच्या पेटीपर्यंत गिटारची पातळ केबलही वापरू नये, दोन्हीकडचे प्लग ६.३५ मिलिमीटरचेच असले तरी. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प भाड्याने मिळाला तर स्पीकर जोडल्याशिवाय तो चालू करू नये, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे बिल तुमच्या नावावर येते.

पाचवा_फ्रेट

वायरमन येऊन गेला. खोलीतल्या दोन सॉकेटांना अर्थ नव्हताच. वाड्याच्या मालकांनी नवी वायर ओढून द्यायचे मान्य केले आहे. तोपर्यंत सराव माझ्या घरी.

लूपबद्दल दोन शंका उरल्या आहेत. मागच्या जॅकपासून पायाजवळच्या पेडल्सपर्यंत जायला-यायला दोन लांब केबली लागतात, त्याने वर चर्चा झालेला उंच कंपनांचा ऱ्हास होईल का? आणि जोरात वाजवले की कोरस लूपमध्ये किंचित तडतडतो, पुढे लावला होता तेव्हा तो तडतडत नव्हता.

मंद्रसप्तक

पहिली शंका मनातून काढून टाका. सेंडचे आउटपुट सामान्यतः बफर केलेले असते, म्हणून पाच-सहा मीटर केबल त्याला सहज झेपते. मात्र केबल शिल्ड असलेली, म्हणजे गिटारचीच असावी. गिटारची केबल, अ‍ॅम्पच्या इनपुटची केबल, सेंड आणि रिटर्न अशा चार केबली एकत्र बांधून त्यांच्या टोकांना रंगीत चिकटपट्टी लावून ठेवलीत, तर स्पर्धेच्या वेळी वेळ वाचेल. तपकीर गल्लीत मीटरवर केबल आणि सुटे प्लग घेऊन हव्या त्या लांबीच्या केबली तुम्ही स्वतः डाग देऊन बनवू शकता. प्लग घेताना आवरण उघडून पाहावे. आतली पकड केबलच्या रबरावर दाबून बसत नसेल तर तो प्लग चार कार्यक्रमही टिकत नाही.

दुसरी शंका रास्त आहे. गिटारमधून निघणारा संकेत क्षीण असतो, तर लूपमधला संकेत पुष्कळ अ‍ॅम्पमध्ये त्याहून बराच बलवान असतो. काही पेडल्सना, विशेषतः ९ व्होल्टवर चालणाऱ्या जुन्या धाटणीच्या कोरसना, तो झेपत नाही आणि ती आतल्या आत फाटतात. अ‍ॅम्पच्या मागे लूपची पातळी बदलणारे बटण असेल, तर ते खालच्या पातळीवर न्यावे. नसेल तर चॅनेलचे व्हॉल्यूम कमी करून मास्टर वाढवावे, कारण सेंडची पातळी बहुतेक अ‍ॅम्पमध्ये चॅनेलच्या व्हॉल्यूमवर ठरते. तरीही तडतड राहिली तर कोरस पुढे आणा आणि लूपमध्ये एकटा डिले ठेवा. तुमच्या गाण्यांना ते चालेल असे वाटते.

लूपशेजारी मिक्स नावाचे बटण असेल तर तो समांतर प्रकारचा लूप आहे. त्यात मूळ आवाज अ‍ॅम्पच्या आतून थेट जातोच, म्हणून डिलेचे मिक्स पूर्ण ठेवून प्रमाण अ‍ॅम्पवर ठरवावे.

निवांत_बेस

बफरची युक्ती लागू पडली, आवाज उघडला. डागकाम, धन्यवाद.

एक शेवटचे. माझ्याही अ‍ॅम्पला लूप आहे, पण मी तो वापरत नाही, आणि पावसाळा सुरू झाल्यापासून अ‍ॅम्पचा आवाज मध्येच खाली जातो, पेटीवर थाप मारली की परत येतो. व्हॉल्व्ह वगैरे काही नाही, साधा ट्रान्झिस्टरचा आहे. लूप वापरतच नसल्याने दोष तिथला असणार नाही, असे मी धरून चाललो आहे.

डागकाम

नेमका तिथलाच असण्याची शक्यता मोठी आहे. लूपमध्ये काही लावलेले नसते तेव्हा संकेत रिटर्नच्या जॅकमधल्या एका छोट्या पत्रीवरून प्रीअ‍ॅम्पमधून पॉवर अ‍ॅम्पमध्ये जातो. प्लग खुपसला की ती पत्री उचलली जाते, काढला की टेकते. वर्षानुवर्षे प्लग न लावल्याने आणि आपल्याकडच्या दमट हवेने तिच्यावर गंज-मळाचा थर चढतो आणि संपर्क तुटक होतो. एक छोटी पॅच केबल सेंडमधून रिटर्नमध्ये लावून वाजवून पाहा. आवाज स्थिर झाला तर दोष त्या पत्रीचा आहे. मग अ‍ॅम्प बंद करून, वायर काढून, रिटर्नच्या जॅकमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारावा आणि प्लग पुष्कळ वेळा आत-बाहेर करावा. मंद्रसप्तक यांनी सांगितलेल्या गल्लीत तो डबा मिळतो. तेवढ्याने भागले नाही तर जॅक बदलून घ्यावा लागेल, आणि तोवर ती पॅच केबल तशीच लावून ठेवली तरी अ‍ॅम्पला काही अपाय नाही.